चिंगीची मिशी

"काकू, तुमच्या मांजरीची एक मिशी मिळेल का?"

दारात उभ्या असलेल्या ऋजुताला शेजारच्या वर्तककाकूंनी नीट न्याहाळलं. "पीएचडी करतेस की करणी?"

ऋजुता समजावू लागली. भाताच्या रोपातलं एक प्रथिन डीएनएला नेमकं कसं धरतं, हे पाहायला त्याचे स्फटिक हवेत. दोन वर्षं नुसता चुरा मिळत होता, आणि आता सर विषयच बदल म्हणत होते. त्या चुऱ्याला मांजरीची मिशी लावून ती प्रथिनाच्या द्रावणाच्या नव्या थेंबातून ओढली, तर रेघेवर स्फटिक वाढतात म्हणे.

"उपटायची नाही हं," काकू म्हणाल्या. मग दोघी सोफ्याखाली आडव्या झाल्या आणि चिंगीची गळून पडलेली एक मिशी शोधून काढली.

आठवड्याने थेंबात खरोखरच स्फटिकांची रांग उभी राहिली. ऋजुता रडलीच. काकूंना तिने मुद्दाम प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं.

"हिऱ्यासारखे आहेत गं," त्या हळूच म्हणाल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे वळल्या.

"शोधनिबंधावर चिंगीचं नाव तुमच्या आधी येणार की नंतर?"