चाळिसावं पोतं

सरकारी भात खरेदी केंद्रावर हमालानं चाळिसावं पोतं काट्यावरून ओढलं, तोंड सोडलं आणि सगळं भात ढिगावर ओतून दिलं. हिरामणला बघवेना. त्या पोत्यात राता होता, लाल तांदळाचं भात.

तो राता सुंदराचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. तिच्या आईनं ठाकुरवाडीहून येताना पदरात बांधून आणलेलं बियाणं. त्यांच्या दहिवलीत आता राता कुणाकडंच उरला नव्हता. सुंदरा मात्र दरसाल एका खाचरात तो लावायची आणि कणगीत जपायची. गावात बाई बाळंत झाली की पेजेला लाल तांदूळ तिच्याकडूनच जायचे. यंदा तर घरचीच लेक, अक्षदा, बाळंतपणाला आलेली. तिच्या पेजेचं आणि पुढच्या पेऱ्याचं, सगळं त्या एका पोत्यात होतं.

“अवो, कायबी न्या, पण माज्या रात्याला हात लावू नका,” सुंदरा सकाळी रडकुंडीला आली होती.

“अगं, केंद्राच्या कागदावर आपल्या नावापुढं सोळा क्विंटल लिवलंय, म्हंजे चाळीस पोती. आपलं एक पोतं कमी पडतंय. सरकार हाय ते, सोडंल का?”

हिरामणच्या डोक्यात लेव्ही होती. तो सात-आठ वर्षांचा असताना पिकातला ठरलेला वाटा सरकारला सक्तीनं घालावा लागायचा. एका साली तो पुरा झाला नाही, तेव्हा त्याच्या बापाला चावडीसमोर दिवसभर उभं केलं होतं. सगळा गाव बघत होता. साठी उलटली तरी ती भीती काही गेली नाही. आणि भ्यालेल्या माणसाची अक्कल शेण खाते, दुसरं काय! त्यानं खरेदी केंद्रावर कुणाला साधं विचारलंसुद्धा नाही.

“काका, तुमचे सोळा पुरे झाले,” पावती फाडत केंद्रावरची सुप्रिया म्हणाली. “नाहीतर यंदा पुरे कुणाचेच होत नाहीत.”

“मग त्यांना काय करता?”

“काय करायचं? आणतील तेवढं घेतो. सोळा म्हणजे जास्तीत जास्त सोळा, त्याच्यावर घेत नाही, एवढंच. कमी आणलं तर कोण विचारतंय?”

हिरामण ढिगाकडं धावला. ओंजळी भरभरून भात उपसू लागला. पण तोवर दुसऱ्या कुणाची चार पोती त्यावर पडली होती.

“काका, भात हाय ते, म्हस नाय, हाक मारली की यायला!” हमाल हसला.

हिरामण घरी आला तो खाली मान घालूनच. सुंदरानं त्याला पाणी दिलं. दिवसभर रडून तिचे डोळे सुजले होते, पण त्याचं तोंड बघून तिलाच त्याची कीव आली.

“जाऊ द्या. सरकारनंच मागितलं म्हटल्यावर तुमी तरी काय करणार?”

हिरामणनं तांब्या खाली ठेवला.

“व्हय,” तो म्हणाला. “सरकारनंच मागितलं.”