आठवी पातळी

"मावशी, तू नकाशात कुठेच नाहीस," लॅपटॉपमधून डोकं न काढता भाचा म्हणाला.

"मग हा घसा कुणाचा कोरडा पडलाय?" मावशीने रिकामी बादली त्याच्या पायाशी आदळली.

खिडकीबाहेर वरच्या पालिकेची पाण्याची टाकी उभी होती. एवढी अगडबंब, की संध्याकाळी तिच्या सावलीत मावशीची सगळी आळी बुडून जायची. वरचं शहर त्या टाकीचं पाणी प्यायचं, आंघोळी करायचं, मोटारी धुवायचं. टाकीखालच्या मूठभर घरांना मात्र नळ नव्हता.

मावशी दर सोमवारी अर्ज घेऊन वरच्या पालिकेत जायची. तिथले पाणी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. नकारही फार सभ्यपणे देत. "बाई, हद्दीबाहेर आमचा एक थेंब जात नाही. नियम आहे." खालची पालिका म्हणायची, वर विचारा.

म्हणून भाच्याने नकाशा उघडला होता. हा नकाशा कुणा एकाचा नव्हता. हजारो हौशी माणसं घरबसल्या तो फुकट काढत आणि तितक्याच हौसेने एकमेकांच्या रेघा खोडत. प्रत्येक हद्दीला पातळीचा आकडा द्यायचा: देशाला दोन, पालिकेला आठ, वॉर्डाला दहा. पृथ्वीवरची मूठभर मातीसुद्धा या आकड्यांतून सुटत नाही, या विचारानेच भाच्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि इथे नेमकी मावशी सुटली होती. दोन पालिकांच्या दोन रेघा, मधे एक चिंचोळी पट्टी. पट्टीत मावशी, शेजारी आणि टाकी. चुका शोधणारी नकाशाची तपासणी तिथे लालभडक खूण दाखवत होती.

भाच्याने पट्टीला दहा आकडा देऊन ती वरच्या पालिकेचा वॉर्ड करून टाकली. चहा निवायच्या आत 'हद्दपार' या टोपणनावाच्या कुणीतरी ते खोडलं.

"वॉर्ड असल्याचा पुरावा?" हद्दपारने लिहिलं.

"तिथे माझी मावशी राहते," भाच्याने लिहिलं.

"मावशी हा पुरावा नव्हे."

आठवडाभर जुंपली. शेवटी भाचा टेकीला आला. "मग लिहू काय? रिकामं ठेवलं तर लाल जात नाही."

"कुणाच्याच पोटात नाही म्हणजे स्वतंत्र पालिका," हद्दपारने लिहिलं. "तूर्त आठ द्या. कुणी हरकत घेतली तर बदलू."

भाच्याने नाक मुरडत पट्टीभोवती रेघ ओढली आणि आठ दिले. मुख्यालय कुठे, असं नकाशाने विचारलं. त्याने मावशीच्या स्वयंपाकघरावर ठिपका ठेवला. लाल गेलं, हिरवं आलं.

"नळ आला?" मावशीने आतून विचारलं.

"हिरवं आलं."

"ते भरू कशात?"

सोमवारी भाचाही तिच्याबरोबर निघाला. पालिकेचा मूळ नकाशा बघायला मागायचा, असं त्याने ठरवलं होतं. वाटेत तो नकाशा त्याला दिसायलाही लागला: लोखंडी कपाटात जपलेला, कापडावर चिकटवलेला, मेलेल्या मोजणीदारांनी श्वास रोखून आखलेला. पायऱ्या चढताना त्याने नकळत चपला काढल्या. मावशीने त्या पुन्हा घालायला लावल्या.

पाणी अधिकारी एकटेच पडद्यासमोर बसले होते. चेहरा उतरलेला.

"साहेब, मूळ नकाशा दाखवता का जरा?" भाच्याने हळूच विचारलं.

"हा काय." त्यांनी पडदा वळवला. "आमचा होता तो वाळवीने केव्हाच खाल्ला. तेव्हापासून आम्ही यालाच मानतो. रोज सकाळी उघडतो आणि यात दिसेल तसं वागतो."

भाचा बघतच राहिला. तीच पट्टी, तेच आठ, तोच स्वयंपाकघरातला ठिपका. रेघेचा एक कोपरा वाकडा होता, कारण तिथे मावशीने भाजी निवडायला हाक मारली होती. त्या वाकड्या कोपऱ्यापुढे एक अख्खी पालिका मान तुकवून बसली होती.

मावशीने सवयीने अर्ज पुढे केला.

अधिकाऱ्यांनी तो घेतला नाही. ते उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि खिशातून स्वतःचाच अर्ज काढून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"बाईसाहेब, टाकी आता आपल्या पालिकेच्या हद्दीत आहे," ते म्हणाले. "आमच्या शहराला पाणी कधी सोडताय?"