राणीमुंगीची गोष्ट

डॉक्टर, तुम्ही एका मरणाऱ्या माणसाला फसवलंत. माझ्यामागे ते फेकून द्या, असं त्याने तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत. आणि फेकलं नाहीत.

एवढंच बोलायचं होतं. ती घरून घोकतच निघाली होती. पण डॉक्टरांसमोर खुर्चीत बसल्यावर तिच्या तोंडून निघालं, "पाणी मिळेल का?"

एका हाताला सासू, दुसऱ्या हाताला सासरे. मधे ती, विधवा सून. आणि भिंतीपलीकडे, गोठवून ठेवलेल्या नळीत, तिच्या नवऱ्याचं वीर्य. दुखणं मोठं होतं. उपचारांआधी त्याने ते ठेवलं होतं, बरा झालो तर मूल हवं म्हणून. तो बरा झाला नाही. नळी मात्र राहिली. दवाखान्यातून सासूला फोन आला आणि त्या दिवसापासून मेलेला माणूस घरात वावरायला लागला. त्याच्या चपला पुसून दारात आल्या. त्याचे शर्ट उन्हात पडले. "बबड्या येणारेय," असं सासू शेजारणीला सांगायची, जणू पोरगा गाडीत बसलाय आणि आता पोचेलच.

सुनेवर कुणी बळजबरी केली नाही. ती पुलांची तपासणी करायची. कमरेला दोर बांधून पुलाखाली लटकायची, हातोडीने ठोकून भेगा हुडकायची. दोराला लटकायची नोकरी आता कशाला गं, असं सासू एकदाच म्हणाली. राजीनामा सुनेने आपल्या हाताने लिहिला. स्कूटर तिनेच देऊन टाकली. माहेरी जाणंही तिनेच थांबवलं. कुणी डाफरलं असतं तर भांडता आलं असतं. पण सासू डोक्याला तेल लावायची आणि लावताना रडायची. त्या बाईच्या हातातून तिचा मुलगा दुसऱ्यांदा कोण काढून घेणार?

डॉक्टरांना पेशंटचं मन रमवायची भारी हौस. खिडकीच्या कठड्यावर पंखांचा केर साचला होता. त्यातला एक त्यांनी बोटाच्या टोकावर घेतला. राणीमुंगीचा आहे, म्हणाले. जन्मात एकदाच उडते बिचारी. नर लगेच मरून जातो, पण त्याचं बीज ती वर्षानुवर्षं पोटात सांभाळते आणि त्यावर अख्खं वारूळ उभं करते. पंख? ते तर ती आपल्याच पायांनी मोडून टाकते. तिला कुणी सांगायला लागत नाही.

सासऱ्यांना ते फारच पटलं. एवढ्याशा जिवालाही कळतं बघा, म्हणाले. सासूने सुनेचा हात दाबला. तो हात गरम होता. शेवटच्या तापात नवऱ्याचा असायचा, तसाच.

नर्सने आतलं दार उघडलं. सासू उठली. सून उठली नाही.

"आई," ती म्हणाली, "ही गोष्ट डॉक्टरांनी त्यालाही सांगितली होती. याच खोलीत. मी शेजारी होते. त्याने विचारलं, मग ती पुन्हा बाहेर कधी येते? डॉक्टर म्हणाले, कधीच नाही, तिथेच अंधारात तिचा जन्म जातो.  मग तो म्हणाला, माझ्यामागे माझं ते फेकून द्या."

डॉक्टर हसायला गेले. हसू जमलं नाही. असे निर्णय भावनेच्या भरात घेतले जातात, असं काहीतरी पुटपुटले.

सासूने सुनेचा हात सोडला आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आवाज चढला नाही.

"फोनवर तुम्ही मला म्हणालात, ही तुमच्या मुलाची शेवटची इच्छा. पोरीवर दडपण नको म्हणून मी ते हिला सांगितलंसुद्धा नाही. कुणाची इच्छा होती ती, डॉक्टर?"