अठ्ठेचाळीस चौकोन

नानांनी तिसऱ्यांदा "पाणी" दाबलं आणि आईने निमूटपणे तिसरा पेला भरून आणला.

नाना प्यायले. चेहरा असा, की यापेक्षा एरंडेल बरं. दोन महिन्यांपूर्वी डोक्यात गुठळी झाली तेव्हापासून त्यांना कळायचं सगळं, पण शब्द सापडत नव्हता. उजवा हातही गेलेला. डाव्या हाताचं एक बोट काय ते कामाचं, आणि त्या बोटासाठी मुलाने टॅबलेटवर चौकोन मांडले होते. चौकोन दाबला की टॅबलेट मुलाच्या आवाजात तो शब्द बोलायचा.

मुलगा या कामातला पट्टीचा. तिकिटांच्या यंत्रांच्या पडद्यांवर कुठे काय दाबायचं ते आखून द्यायचा. घाईतल्या माणसाच्या डोक्याला ताप होऊ नये, याचाच पगार घ्यायचा. पण बापासाठी करायला बसला आणि त्याला हात काही आखडता घेता येईना. काय ठेवू नि काय नको असं झालं. सकाळी अठ्ठेचाळीस चौकोन घेऊन आला. त्यात नुसते दुखण्याचेच नऊ. नानांचं बोट सगळ्यांवरून फिरलं, कपाळावर घाम आला आणि दमून एकदाचं कुठेतरी टेकलं. "पोट दुखतंय," टॅबलेट म्हणाला. आईने लगबगीने गोळी दिली. पोट दुखत नव्हतं, हे गोळी गिळतानाच्या त्यांच्या नजरेवरून कळलं.

मग मुलाने बारा ठेवले. मग सहा. जन्मभर साठ बारीक स्क्रूंमधून हवा तो चिमट्याने उचलणारे घड्याळजी नाना सहा चौकोनांपुढे थकून बसले होते. आत नाना आहेत, डॉक्टर म्हणत होते. पण आहेत ते आपले नानाच ना, हे कुणाला विचारणार?

"पाणी त्यांच्या बोटाजवळ आहे म्हणून दाबतात रे," आई म्हणाली. "तहान कसली डोंबलाची."

मुलाने पाणी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं. आईने टॅबलेट त्याच्या हातातून काढून घेतला.

"त्यांना कशाला शोधायला लावतोस? शोधते मी. त्यांनी नुसतं हो की नाही एवढं सांगायचं. दोन ठेव."

मुलगा म्हणाला, असं चालत नाही. माणसाला आपलं आपण सांगता आलं पाहिजे. आणि तू जवळ नसलीस तर?

"नसेन तेव्हा आण तुझे चौकोन. आत्ता आहे ना मी?"

त्याने सगळं पुसलं. डावीकडे हिरवा "हो", उजवीकडे लाल "नाही", तळहाताएवढे. पडदा ओकाबोका दिसायला लागला. ऑफिसात दाखवला असता तर लोकांनी विचारलं असतं, बाकीचं कुठाय?

आई खुर्ची ओढून बसली आणि सुरू झाली. पंखा लावू? नाही. खिडकी उघडू? नाही. उशी नीट करू? हो. उशी झाली. नानांचं बोट आता घुटमळत नव्हतं, हे मुलाने पाहिलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की सकाळची मेहनत वाया गेली याचं काही वाटेना. आईलाही चेव चढला. रेडिओ लावू? पाय चेपू? चष्मा देऊ? शेजारचे भाऊ येऊ का विचारत होते, बोलावू? चादर बदलू? नाही, नाही, नाही, टॅबलेट म्हणत राहिला. शेवटी आई वैतागली.

"मग काय, मी गप्प बसू?"

बोट विजेसारखं डावीकडे गेलं.

"हो."

मग नानांच्या ओठाची चांगली बाजू वर गेली. मुलाला आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. हेच ते. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर आईला अस्सं चिडवत आलेला माणूस, जसाच्या तसा.

आईने मात्र तोंड फिरवलं. दोन्ही हात मांडीवर, ओठ घट्ट. ठरवून रुसली होती. गप्प म्हणजे गप्प. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुलगा हातातल्या वायरीशी चाळा करत बसला.

नानांनी आईच्या फिरवलेल्या तोंडाकडे पाहिलं. बोट उचललं गेलं. सावकाश उजवीकडे सरकलं आणि टेकलं.

"नाही," टॅबलेट म्हणाला.

कुणी काही विचारलं नव्हतं.