पहिलं तेल

“नऊशे किलोमीटर झाले. आता तेल बदलायचं,” बाबा म्हणाले आणि चिमीच्या हातातली गाडीची पुस्तिका त्यांनी सरळ मिटून टाकली.

चिमीनं ती पुन्हा उघडली. “इथं लिहिलंय बघा. पहिलं तेल पंधरा हजारला.”

“लिहिणाऱ्याची नखं बघितलीस? स्वच्छ असणार.”

चिमी दातांची डॉक्टर. वय एकतीस, पण घरात अजून चिमीच. आठ वर्षं लोकांच्या जबड्यांत डोकं घालून तिनं ही गाडी घेतली होती. दोन दारांची, बुटकी, लालभडक, नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटणारी स्पोर्ट्‌स कार! आणि बाबा म्हणजे बस डेपोतले निवृत्त हेड मेकॅनिक. चौतीस वर्षं इंजिनाखाली पाठीवर पडून काढलेली. घरात गाडी एक आणि शहाणे दोन, असं आई म्हणायची.

“नवं इंजिन म्हणजे तान्हं पोर,” बाबा घास हातातच धरून सांगत होते. “आतले भाग एकमेकांवर घासतात, बारीक चुरा पडतो, तो तेलात उतरतो. बाळाचा पहिला लंगोट कुणी वर्षभर ठेवतं का?”

“ई! बाबा, जेवतोय आपण.”

“मग काय, इंजिन म्हणजे दाढ आहे का? दुखायला लागल्यावर बघू म्हणे!”

“आणि वॉरंटी बोंबलली तर?”

“चांगलं तेल घातल्यावर कशाला बोंबलतेय?”

मग चिमी बोलू नये ते बोलून गेली. “बाबा, ही तुमची खटारा बस नाही. तुमच्या काळातलं तुमच्यापाशीच ठेवा. माझ्या गाडीत लुडबुड नकोय मला.”

आईचा हात भांड्यातच थांबला. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

“बरं,” ते म्हणाले.

त्या ‘बरं’ला घरात सगळे टरकून असत. बाबा ओरडले तर राग तासाभरात उतरायचा. ‘बरं’ म्हणाले की आठवडा गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी रविवार. चिमी उठली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बाबांची खुर्ची रिकामी, पेपरची घडीही मोडलेली नाही.

“बाबा कुठायत?”

“गेले,” आई शेंगा मोडत म्हणाली. “चहासुद्धा न घेता. पहाटे पाचपासून खाली खुडबुड चाललेली. राग आला की हे सामान आवरत बसतात, तुला ठाऊकच आहे. फोनही इथंच टाकून गेलेत.”

“माझ्यावर चिडलेत ना?”

“बाई गं, तू त्यांची चौतीस वर्षं भंगारात घातलीस. मग काय नाचतील?”

चिमीला चहा गोड लागेना. लहानपणी ती डेपोत जायची, तेव्हा बाबा बसच्या पुढ्याला नुसता कान लावून सांगायचे, काय बिघडलंय ते. ती सगळ्या वर्गाला सांगत सुटायची, माझे बाबा इंजिनांचे डॉक्टर आहेत म्हणून. आणि काल त्याच बाबांना ती पुस्तिका दाखवत होती!

तिनं कप ठेवला. पंधरा हजार गेले खड्ड्यात. तेल आजच बदलायचं. निघालेलं जुनं तेल बाटलीत भरून आणायचं, बाबांसमोर ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, तुमचंच खरं होतं. आठवडाभराचा अबोला पाच मिनिटांत खलास!

तिनं दोन किलोमीटरवरच्या वर्कशॉपला फोन लावला.

“एवढ्या लवकर?” तिथला मेकॅनिक म्हणाला.

“आमच्या बाबांचा हुकूम आहे.”

“मग घेऊन या मॅडम. बाबा जाणकार दिसतात.”

चिमीची छाती उगाचच फुगली. “आई, निघालेलं जुनं तेल बाटलीत भरून आणते. बाबा आले तर सांगू नकोस हं. सरप्राइज आहे!”

“त्या वासाच्या बाटलीचं कसलं गं सरप्राइज?” आई हसली. पण तिचाही चेहरा उजळला होता.

खाली गाडीजवळची फरशी धुऊन-पुसून लख्ख केलेली होती. चिमीला भरून आलं. एवढे चिडलेत, तरी माझ्या गाडीची जागा पुसून गेलेत.

तिनं गाडी सुरू केली. समोर लाल दिवा लागला. चोचीच्या डब्याचं चित्र, चोचीला लोंबणारा एक थेंब. तो काही विझेना. चिमी खळखळून हसली.

“अगं बये! तूपण बाबांच्याच पार्टीत का? चल, तेलच बदलायला निघालोय आपण.”

गाणी मोठ्यानं लावून ती निघाली. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. मग गाण्यात काहीतरी भलतंच वाजू लागलं, मिक्सरमध्ये चमचे पडल्यासारखं. तिनं गाणी बंद केली. आवाज बंद झाला नाही, वाढला. बॉनेटखालून किंचाळल्यासारखं काहीतरी झालं, एक जबरदस्त हिसका बसला आणि गाडी भर चौकात थिजली. मागचा टेम्पो हातभर अंतरावर कचकन थांबला. हॉर्नचा कल्लोळ उठला. चिमीनं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. बॉनेटच्या फटीतून धूर निघायला लागला.

ती खाली उतरली आणि तिला बाबा दिसले.

चौकातल्या स्पेअर पार्ट्‌सच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं, आणि बाबा त्याच्या पायऱ्या उतरत होते. जन्मात कधी त्यांना बघून तिला इतकं हायसं वाटलं नव्हतं. आता काळजी नाही. आता बाबा कान लावतील आणि सांगतील.

“बाबा!” ती रडत-हसत त्यांच्याकडे धावली. “चुकलंच माझं. तुमचंच ऐकलं मी. तेल बदलायलाच निघाले होते आणि मध्येच ही अशी…”

बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते गाडीकडे बघत होते. त्यांच्या हातातला कोऱ्या तेलाचा डबा सुटून रस्त्यावर आदळला.

“चिमे,” ते म्हणाले, “तेल तर मी पहाटेच काढून टाकलंय.”