नीनाताईंचा डबा

अनिशने बेलवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बेल काही दाबली नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलचा २००६चा नोव्हेंबर, चार वाजताच अंधारून आलेलं. हातातल्या पिशवीत स्टीलचा डबा होता. नीनाताईंचा. आठ महिने तो अनिशच्या ओट्यावर पडून होता आणि रोज त्याच्याकडे पाठ करून चहा करायची सवय या बहाद्दराने लावून घेतली होती.

नीनाताई त्याच्या ऑफिसातल्या. पन्नाशीच्या. जन्म लंडनच्या वेम्बलीचा, मराठी आईवडलांकडून ऐकून उचललेलं, त्यामुळे व्याकरण रामभरोसे. गेल्या वर्षी अनिश नागपूरहून आला तेव्हा कंपनीने त्याला त्यांच्या शेजारी बसवलं. गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणारी जुनाट कॉम्प्युटर सिस्टिम अठरा वर्षं त्यांच्याच हातातली. "याला सगळं शिकव," असं मॅनेजरने सांगितलं आणि त्यांनी शिकवलं. हातचं काही राखलं नाही. वर, कँटीनमध्ये हा पोरगा नुसते चिप्स खातो हे पाहून दुसऱ्याच दिवसापासून डबा आणायला लागल्या. पोळ्या जाड, भाजीत मीठ कमी. पण तो डबा होता म्हणून अनिशने इथला पहिला हिवाळा काढला.

मार्चमध्ये त्याचं शिकून झालं. त्याच आठवड्यात कंपनीने नीनाताईंना नारळ दिला. काम अनिशकडे. जाताना त्या हसून "बाय" म्हणाल्या आणि याने मान स्क्रीनमध्ये खुपसली. नंतर फोन करणार तरी कुठल्या तोंडाने? या देशात मित्र म्हणावं असं एकच माणूस होतं त्याला. आता शनिवार-रविवार कुणाशी एक शब्द न बोलता जायचे.

आज गुरुवार. अमेरिकेतला क्लायंट थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीवर. फोन नाही, मेल नाही. हे थँक्सगिव्हिंग आहे तरी काय, म्हणून अनिश नेटवर वाचत बसला. बोटीतून आलेली परकी माणसं, उपाशीतापाशी. तिथल्याच लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं, जगवलं. मग सगळे मिळून जेवले. वा, छान! मग त्याने पुढचं वाचलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच जमिनी पुढे या पाहुण्यांनी बळकावल्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे अनिशला बघवेना.

तो तडक घरी आला. दुसऱ्याचा डबा रिकामा द्यायचा नाही, ही आईची शिकवण. येतो तसा शिरा केला. तळाला लागला. तोच भरला आणि निघाला.

शेवटी बेल वाजली.

"अरे, अनिश! ये ना आत, थंडी आहे." नीनाताई वाळल्या होत्या. "आठ महिन्यात ऑफिसचा कोण आला नाही. तू पहिला."

तो दारातच उभा राहिला. वाटेत घोकलेलं सगळं विसरला. "नीनाताई, तुम्ही मला शिकवलंत आणि मी तुमचीच नोकरी खाल्ली. तुम्हाला आधी माहीत असतं तर..."

"माहीत होता."

"काय?"

"तू आला त्याच्या आधी एक वीक. मॅनेजरने लेटर दिला. इंडियातून मुलगा येणार, त्याला शिकव, मग तुझा जॉब फिनिश." त्यांनी डबा हातात घेतला, झाकण काढून वास घेतला. "जळला रे!"

म्हणजे पहिला डबा आणला तेव्हाही यांना सगळं ठाऊक होतं. अनिशचे डोळे भरून आले.

"मग माझ्यासाठी डबा का आणायचात?"

नीनाताईंना तो प्रश्नच कळेना.

"अरे, तू उपाशी होता ना!"