बाटल्यांची काळजी

दिवाणखान्यात काचेच्या भिंतींची वाइनची खोली बांधताना आम्ही नवरा-बायकोनं बाटल्यांना लेकरांसारखं जपलं. त्यांना उजेडाचा त्रास होतो म्हणून खास काच, उकाड्याचा होतो म्हणून स्वतंत्र एसी, हादऱ्यांचा होतो म्हणून टीव्हीचे स्पीकरसुद्धा हलवले. डिझायनरला अट एकच घातली होती, घरात कुठंही बसलं तरी बाटल्या दिसल्या पाहिजेत.

पहिल्याच रविवारी पाहुणे बघायला आले आणि फोटोसाठी काचेपुढे गोळा झाले. बाबा तेवढे खुर्ची खिडकीकडे फिरवून बसलेले.

"बाबा, वळा की इकडे! फोटोत नुसती पाठ येतेय तुमची."



"राहू दे रे," बाबा हळूच म्हणाले, "दारू सोडून इतकी वर्षं झाली, पण तिच्यासमोर बसायचा धीर अजून होत नाही."